मोनालीला दिलेला उसना सल्ला

मोनाली खिल्लारे कशी होती, असं कुणी विचारलं तर सखारामरावांना फारसं सांगता येणार नाही. मुकुंदवाडीत त्यांच्या समोरच्याच घरात ती लहानाची मोठी झाली. पण तिला काय आवडायचं, तिच्या मैत्रिणी कोण, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि नेमकी तीच त्यांनी तिला सांगितली नाही.

सखारामराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून मशीनशॉपचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला मोनाली प्रोजेक्टसाठी लेथवर केलेला एक रोलर घेऊन त्यांच्याकडे आली.

"काका, फिनिश बराय का बघा ना."

ते चष्मा शोधेपर्यंत तिनं डोळे मिटून रोलरवर बोट फिरवलं आणि स्वतःच म्हणाली, "इथं खरखर लागतंय. टूल बोथट झालं असंल."

सखारामराव बघतच राहिले. त्यांचे उस्ताद असेच डोळे मिटायचे. हाताखालून कितीतरी पोरं गेली, पण ही खोड शिकवून कुणाला लागली नव्हती. त्यांनी कपाटातला मोजमापाचा जुना व्हर्नियर काढून तिच्या हातात ठेवला. कौतुकाचा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. तो त्यांना कधी जमलाच नाही.

परीक्षा संपली. कॉलेजच्या सरांनी नाव सुचवल्यामुळं वाळूजच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या एका टूलरूममधून तिला ट्रेनी म्हणून बोलावणं आलं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. शुक्रवारी सकाळी तिचे वडील सांडू रिक्षा बाजूला लावून सखारामरावांकडं आले.

"भाऊ, पोरगी इचारायला येईल. तिला सांगा, कंपनीत पोरींचं काय काम नाय. पुण्याला सॉफ्टवेअरचा क्लास करंल, एसीत बसंल."

"अरे, पण तिचा हात..."

"हाताचं काय घेऊन बसलात! माझी आख्खी जिंदगी हँडल धरण्यात गेली. तिच्या हाताला तेल नको. माझं ती ऐकत नाय, तुमचं ऐकंल. अन् माझं नाव नका काढू."

गल्लीत हे नवं नव्हतं. बापाला जे पोरांना पटवता येत नाही, ते वडीलधाऱ्याच्या तोंडून वदवायचं, आणि त्यानंही ते आपलंच म्हणून सांगायचं. नाही म्हटलं तर शेजारधर्म मोडतो. सखारामराव गप्प बसले. सांडूनं तोच होकार धरला.

संध्याकाळी मोनाली आली.

"काका, तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

"मशीनशॉप पोरींना नाय जमत. तीन पाळ्या, उभ्यानं काम. पुण्याला जा."

"तुमच्या खात्यात होत्या का पोरी?"

"नव्हत्या."

"मग जमत नाय हे कसं कळलं?"

"अनुभव असतो, बाई."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही तर माझं काम बघितलंय. तुम्हीच नाय म्हणता, म्हणजे माझ्यातच काही कमी असंल."

इथं त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांनी चहा घेतेस का, असं विचारलं.

पुण्यात तिला नोकरी लागली. सांडूनं पेढे दिले, "तुमची मेहेरबानी," म्हणाला. सखारामरावांनी पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. पुढं एका जुन्या सोबत्याच्या निरोप समारंभाला सखारामराव कारखान्यात गेले, तर त्यांच्याच खात्यात मशीनवर मुली उभ्या. त्यांनी ठरवलं, आता ती आली की सांगून टाकायचं: सल्ला माझा नव्हता, तुझा हात मी पहिल्याच दिवशी ओळखला होता.

ती भीमजयंतीला आली. तिची बंगळुरूला बदली झाली होती. नंतर खिल्लाऱ्यांनीही घर सोडलं, त्यामुळं ती भेट शेवटची ठरली. दारातच उभं राहून तिनं कापडात गुंडाळलेला व्हर्नियर पुढं केला.

"जय भीम, काका. हे तुमचं."

"जय भीम. ठेव की तुझ्याकडंच."

"तिकडं काय मोजू? तेल लावून ठेवलंय, गंज नाय चढला."

सगळं सखारामरावांच्या ओठांवर आलं. पण समोर रिक्षात बसलेला सांडू त्यांच्याकडंच बघत होता.

"काम कसंय?" त्यांनी विचारलं.

"बरंय. बसून असतं."

"पाणी तरी पिऊन जा."

"नको काका, पप्पा थांबलेत."