मामाची रेघ
आमचा मामा बसगाड्या रंगवण्याच्या कारखान्यात होता. बाकीचा रंग यंत्रं मारत. पण खिडक्यांखालची ती बारीक पांढरी रेघ, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, ती मामाच मारायचा. रंगाची डबी बसवलेलं छोटं चाक बसला टेकवायचं आणि चालत सुटायचं. "एक रेघ, एक दम," असं तो छाती काढून सांगायचा. चाक टेकवताना कोंडलेला श्वास रेघ संपल्यावरच सोडायचा. नम्रपणा या गृहस्थाच्या जवळपासही फिरकला नव्हता.

पन्नाशी ओलांडली आणि दम अपुरा पडायला लागला. शेवटच्या खिडकीशी छाती धडधडायची, हात थरथरायचा, रेघ वाकडी. पुसा, पुन्हा मारा. मामाला झोप येईना, आणि घरात पेला वाजला तरी तो मामीवर खेकसायचा. त्यात नव्या, लांबलचक बसगाड्या आल्या. फोरमनने तोंडावर सांगितलं, "पहिलीचीच रेघ हलली, तर पुढच्या सगळ्यांना रेघेऐवजी पांढरी चिकटपट्टी लावू. तुम्ही गाड्या धुवायला जा." मामाचा जीव त्या रेघेत होता. तो हबकला.

रविवारी आमच्याकडे येऊन तो मागच्या खोलीत भिंतीला कोरडं चाक लावत, गाल फुगवून चालू लागला. चेहरा लालबुंद. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, प्रसूतिगृहात नर्स. ती दारात उभी राहिली.

"दादा, हे काय चाललंय?"

"दम वाढवतोय."

"असा कोंडलास तर वरच जाशील. सोड तो."

"सोडला की हात हलतो."

"कोंडतोस म्हणून हलतो. आमच्याकडच्या बायका हेच करतात. कळ आली की श्वास धरतात, अंग आवळतं, मग घाबरतात."

"म्हणजे आता माझं बाळंतपण करणार तू?"

"करते. बस खाली."

आईपुढे कुणाचं चालत नाही, हे मी जन्मापासून पाहतेय. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. "नाकाने घे. पोट वर येऊ दे. आता सोड, घेतलास त्याहून सावकाश. लक्ष तिथेच ठेव." थोड्या वेळाने मामाचे खांदे खाली आले. ते इतके खाली येतात, हेच मला माहीत नव्हतं.

"पण अगं, अख्ख्या बसला एवढा श्वास पुरणार कसा?"

"एका श्वासात मूल होतं का कुणाला? लागतील तेवढे घे!"

मामाने वाद न घालता पुढचा श्वास घेतला. आमच्या घराण्यात ही मोठी बातमी होती.

मग तो रोज सकाळी तसाच बसू लागला. मामी आईला म्हणाली, "आता चक्क घोरतात. ऐकून काय बरं वाटतं!"

पहिली लांब बस आली त्या दिवशी मी डबा पोचवायच्या निमित्ताने कारखान्यात गेले. मामाने चाक टेकवलं. गाल फुगवले नाहीत. श्वास घेत, सोडत तो आरामात चालत राहिला आणि रेघ त्याच्याबरोबर निघाली. शेवटच्या खिडकीशी श्वास कोंडला होता, पण तो मीच, मामाने नाही. मामाने मागच्या दिव्यापाशी चाक उचललं.

फोरमन एक डोळा मिटून, वाकून, बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "कुठेच हललेली नाही," तो म्हणाला. "एका दमात मारलीत?"

थाप मारायची याहून चांगली संधी मामाला आयुष्यात मिळाली नसती.

"छे हो," तो म्हणाला, "भरपूर श्वास घेतले. पुढची गाडी आणा."