मच्छरदाणीचे दोन पाईप

समोरच्या घरी आज गेटाचं वेल्डिंग चाललंय. जळक्या लोखंडाचा वास आत शिरला आणि मला माझा लग्नातला पलंग आठवला.

पहिल्या बाळंतपणाला औरादला, माहेरी जायचं होतं. आमची जुनी गाडी दिसायला ऐटदार, पण चढावर जोर दिला की तिच्या स्प्रिंगच्या कमानपाट्यांना पीळ बसायचा आणि मागची चाकं थाडथाड उडायची. आदल्या दिवशी मी भालकीच्या बाजारातून परतले, तर आमचे हे गाडीखाली उताणे पडलेले, ठिणग्या उडतायत. चाकं उडू नयेत म्हणून मागच्या ॲक्सलपासून पुढं चेसीच्या सांगाड्यापर्यंत दोन्ही अंगांना एकेक जाड पाईप जोडत होते. पाईपांचा आकाशी रंग मी लगेच ओळखला. माझ्या पलंगाचे, मच्छरदाणीचे!

"माझ्या अप्पांनी दिलेला पलंग कामून कापलाव?"

"दोनच घेतलो की. दोन हायत अजून."

दुसऱ्या दिवशी औरादपर्यंत मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "गाडी उडली का गं?"

"मला न्हाई ठाऊक," म्हणून मी तरातरा घरात गेले.

ती गाडी कधीच गेली. पलंग आहे. मच्छरदाणी मी अजूनही दोन पाईपांना आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांना बांधते. आज चहा देताना मात्र इतक्या वर्षांचं राहिलेलं सांगून टाकलं, "त्या दिवशी गाडी उडली न्हाई, बरं का."

बशीतला चहा फुंकत हे म्हणाले, "ठाऊक हाय मला. चढावर तू घोरायली व्हतीस."