पाकिटामागची बारीक अक्षरं

सावा पेत्रोविच यांनी खेरसोनच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. लढाई पेटली तेव्हा बायकोला, रायिसाला, घेऊन ते पोलंडमधल्या तार्नुवला आले आणि निर्वासितांच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहू लागले. पोलिश बोलणं कानाला निम्मंअर्धं कळायचं, पण छापील दिसलं की अक्षरं लावत बसावं लागे. दुकानात झ्लोटींतल्या प्रत्येक भावाला ते दहाने गुणत आणि आपल्या देशाच्या रिव्नियांत किती झाले ते पाहून मान हलवत.

"सर, गुणाकार सोडा हो," शेजारच्या खोलीतली झोया म्हणायची. "इथं गुणाकार करणारा माणूस उपाशी मरतो."

दुसऱ्या वर्षी रायिसाची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी दोन पानी कागद दिला: मीठ कमी, बटाटा उकळून पाणी टाकून द्यायचं, आणि फॉस्फेट घातलेलं काहीही नको, कारण त्यातला फॉस्फरस रक्तात साठतो आणि अंगाला खाज सुटते. बाकीच्या कागदासाठी सरांना शब्दकोश काढावा लागला. पण ई ४५०, ई ४५१, ई ४५२ हे फॉस्फेटांचे आकडे दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. या परक्या गावात एक तरी भाषा त्यांना येत होती.

मग सर भिंग घेऊन दुकानात जाऊ लागले. चीजचे डबे, सॉसेज, डबाबंद मासे, सगळं उलटं करून वाचायचे. वसतिगृहातल्या बायकाही त्यांच्यापुढे पाकिटं आणून धरत. "सर, हे खाल्लं तर मरणार नाही ना?" झोया विचारायची. "खाऊन नाही मरणार, भाव वाचून मराल," सर म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांना छळत होती. पाकिटावर काय घातलंय ते लिहिलेलं असतं, किती घातलंय ते नसतं.

"मग तासभर काय वाचत उभा राहतोस?" रायिसाने एकदा विचारलं.

"घरी बसून तरी काय करू?" ते म्हणाले.

रायिसाचं खाणं सुटत चाललं होतं. उकडलेलं मांस तोंडाजवळ नेलं तरी तिला मळमळायचं. नर्स म्हणाली, मांस पोटात जायलाच हवं. सरांनी चार दुकानं पालथी घातली आणि शेवटी टर्कीच्या मांसाचे पातळ काप सापडले. मीठ बेताचं, फॉस्फेट नाही. बारा झ्लोटींचं एवढंसं पाकीट. रायिसाने पावावर ठेवून दोन काप खाल्ले आणि तिसरा मागितला. त्या दिवशी सरांनी गुणाकार केला नाही.

पुढे तेच पाकीट दर दोन दिवसांनी येऊ लागलं. मार्चमध्ये त्याचा भाव दोन झ्लोटींनी उतरला, तेव्हा देव पावला असं समजून सरांनी एकदम सहा पाकिटं घेतली.

एप्रिलच्या तपासणीत रायिसाच्या रक्तातला फॉस्फरस हवा त्याच्या दीडपट निघाला. पोटऱ्या खाजवून खाजवून तिने रक्त काढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाता का?"

"एकेक पाकीट मी स्वतः वाचून आणतो," सर जरा तावातच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फडताळ रिकामं केलं. पाव पाहिला, दही पाहिलं, डाळीसुद्धा पाहिल्या. शेवटी टर्कीचं पाकीट हातात घेतलं. समोर तेच चित्र, तोच हिरवा पट्टा. मागे घटकांच्या ओळीत, मिठाच्या पुढे, ई ४५१.

एकदा वाचलं होतं ना! म्हणून पुन्हा वाचलंच नव्हतं. हे कधीपासून आलं? भाव उतरला तेव्हापासून, की त्याआधीच? जुनी पाकिटं केव्हाच कचऱ्यात गेली होती. ते तसेच दुकानात गेले.

"यात बदल केलाय. सांगितलं का नाही?" त्यांनी मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारलं.

गल्ल्यावरच्या मुलीने पाकीट उलटं केलं. "लिहिलंय की, साहेब. हे बघा." ती उद्धट नव्हती. मागे रांग वाढत होती. सर बाजूला झाले.

रायिसाला त्यांनी सगळं सांगितलं. "मुलांना मी काय शिकवायचो? प्रत्येक वेळी बाटलीवरचं नाव वाचा. कितीही ओळखीची असू दे, वाचा."

रायिसा पोटरीवर ओला रुमाल दाबून बसली होती. "छान लागायचे रे ते काप," ती म्हणाली. मग विचारलं, "आता काहीच नाही का उरलं खायला?"

दुसऱ्या दिवशी सरांनी खाटकाकडून ताजं टर्कीचं मांस आणलं, जास्त पैसे मोजून. झोयाने सांगितलं तसं बडीशेप आणि लसूण घालून भाजलं. रायिसाने तीन घास खाल्ले, चौथा बराच वेळ तोंडात घोळवला आणि कागदात काढून ठेवला.

"उद्या खाईन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या वाढवल्या. खाज थोडी कमी झाली, वजन मात्र उतरतच राहिलं. सर आता प्रत्येक पाकीट प्रत्येक वेळी वाचतात, कालच घेतलेलं असलं तरी. त्यांना उशीर झाला तर झोया दुकानात जाऊन त्यांना हाताला धरून घरी आणते.

"चला सर, रायिसा एकटी आहे."

"हे एवढं एकच," ते म्हणतात आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावतात.