जयवंताचा हात

कामठीच्या छावणीत महादेवरावांनी तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर नागपुरात बेसा भागाजवळच्या एका खासगी क्लबात हौशी नेमबाजांना बंदूक निवडून द्यायचं काम ते करू लागले. माणूस आला की आधी त्याचा तळवा पाहायचे, मग खांदा, आणि मग सांगायचे, "तुम्ही रायफल घ्या," किंवा "तुमचा हात पिस्तुलाचा हाय." अंदाज सहसा चुकत नसे.

मुलगी श्वेता लग्न होऊन सासरी गेली, तशी घरी एकटी पडलेली बायको जयवंता एका रविवारी त्यांच्यासोबत क्लबात गेली. टेबलावरचं एअर पिस्तूल तिनं उचलून पाहिलं.

"मले हे आवडलं."

"ते एका हातानं धरा लागते. नवीन माणसाचा हात हालते. तू रायफलच घे वं."

त्यांनी तिला लिव्हरची एअर रायफल दिली. दर वेळी बाजूचा लिव्हर ओढून हवा दाबायची, छर्रा घालायचा, लिव्हर मिटायचा. जयवंताला ते चांगलंच जमलं. वर्षभरात तिचे छर्रे निशाणाच्या कागदावरच्या ठिपक्याच्या मधोमध बसू लागले. परतताना ऑटोत ती भोकं पडलेले कागद मांडीवर पसरून पाहत बसायची.

दुसऱ्या वर्षी लिव्हर अर्ध्यातच अडू लागला. महादेवरावांनी रायफल खोलली, तेल घातलं, स्वतः ओढून पाहिला. लिव्हर ठीक होता.

"हात कच्चा पडून राहिला तुझा. व्यायाम काहून नाही करत?"

ती रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या उचलू लागली. बाटल्या हातातून सुटायच्या. ती गुपचूप फरशी पुसून घ्यायची.

दिवाळीला श्वेता आली. आईच्या हातावर मेंदी काढता काढता थांबली. "बाबा, आईचा अंगठा पाहा बरं."

अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडला होता. तिथलं मांसच गेलं होतं. दिवसभर परक्यांचे हात न्याहाळणारे महादेवराव बायकोच्या हाताकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. स्नायू वाळत जातील, औषध नाही.

"मी तुले बाटल्या उचलायले लावल्या," दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते म्हणाले.

"मलेच कुठं समजलं होतं? चला आता, ऊन लागते."

पुढच्या रविवारी त्यांनी तिच्यासाठी, पहिल्या दिवशी तिला आवडलेलं, ते पिस्तूल काढलं. त्याचाही लिव्हर ते ओढत, छर्रा ते घालत, मुठीखाली आपला तळवा धरत. घोड्यावरचं बोट तेवढं तिचं. चार महिने असं चाललं. एका दुपारी घोडा दबेचना. तिनं तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, "राहू द्या." त्यानंतर ती क्लबात गेली नाही. पुढच्या पौषात वारली.

दोन महिन्यांनी क्लबाचा मालक सौरव याचा फोन आला.

"काका, नवीन लोकं येऊन राहिले. कोणाले काय द्यावं, समजत नाही. तुम्ही कधी येता?"

"दुसरा माणूस पाहा गा," महादेवराव म्हणाले. "मले हात पाहून समजते, असं मले आता वाटत नाही."

"काका, असं काहून म्हणता?"

"घरातलाच हात मले दिसला नाही," महादेवराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला.