रंगाचा पापुद्रा

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही, आणि नोकरी मात्र खूनखराब्याच्या मुद्देमालाची. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली केस, धागे, काचेचे कण, गाड्यांच्या रंगाचे पापुद्रे पाहायचे. त्यामुळे त्यांना भुताखेतांचं काही नाही, भीती ती धाग्यादोऱ्यांची. लग्नकार्यात ते कुणाला मिठी मारत नसत. त्याच्या शालीचा धागा आपल्या अंगावर राहिला आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर, ही काळजी. आमच्या सोफ्यावर बसण्याआधी रुमाल अंथरत आणि उठल्यावर तो झटकायला अंगणात जात. आम्ही पोट धरून हसायचो.

मग नागपुरातल्या धंतोलीत ड्यूटी संपवून निघालेल्या एका नर्सला पांढऱ्या गाडीने उडवलं. गाडी पळाली, बाई गेली. तिच्या ओढणीत अडकलेला पांढऱ्या रंगाचा पापुद्रा साडूंच्याच टेबलावर आला. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीची पांढरी गाडी पुढून खरचटलेली. सक्करदऱ्याला आपल्याच घराच्या फाटकाला घासली, असं ती म्हणाली. साडूंनी भिंग घेऊन फाटक पाहिलं. तेही पांढरंच रंगवलेलं, काही कळेना.

त्यांचं जेवण सुटलं. शेवटी साहेबांना सगळं सांगून त्यांनी तो नमुना दुसऱ्याकडे द्यायला लावला आणि मुलीच्या गाडीचा रंगही तपासून घ्या म्हणून पोलिसांकडे स्वतःच गेले. मेहुणी रडली, मुलीने बोलणं टाकलं. मी रागावलो, तर म्हणाले, "मी पाह्यलं असतं ना, तर मले जे पाहाचं होतं तेच दिसलं असतं."

मग निकाल आला. रंगाचे थर जुळले नाहीत. मुलीने एवढंच विचारलं, "बाबा, तुमचा माझ्यावर भरोसा नव्हता काय?"

"भरोसा होता वं. भेव जास्त होतं."

नंतर साडू मला म्हणाले, की निकाल ऐकून आधी हायसं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली. ती नर्सही कुणाची तरी पोरगीच होती, आणि तिला उडवणारी गाडी अजून नागपुरातच कुठेतरी फिरत असेल.

मुलगी आता बोलते. पण ती आपली गाडी काढते तेव्हा साडू रस्त्यावर येऊन उभे राहतात, ती वळणाआड गेली तरी हलत नाहीत. परवा मीही त्यांच्याशेजारी उभा राहिलो. हसू आलं नाही.