सांध्यात कोंबलेलं चामडं

उद्या सकाळी कार्ल्याच्या खिंडीत नजमुद्दीनभाई स्टिअरिंग फिरवतील आणि मोटार वळणारच नाही, हा विचार दुपारपासून माझी पाठ सोडत नाही. माझी लेक रतन सुट्टी संपवून मुंबईला परत निघाली आहे. धरमतरची बोट गाठायला ती त्याच मोटारीनं जायची होती.

नजमुद्दीनभाई अलिबागेत आमच्याच वाडीत, मागच्या खोल्यांत राहतात. तरुणपणी आगबोटीच्या इंजिनावर तेलवाले होते. पुढं हरेश्वरशेठांनी उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार घेतली, तेव्हापासून ती यांच्याच हातात. बोट लागून बेजार झालेल्या म्हातारीला ते हाताला धरून पुढच्या जागेवर बसवतात आणि वाटेभर तिच्याशी गप्पा मारतात.

त्यांची एक रीत इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. निघण्याआधी ते बाहेरूनच आत हात घालून स्टिअरिंग किंचित हलवतात आणि एखाद्या वडीलधाऱ्या उतारूला पुढच्या चाकाकडं बघायला लावतात. "हाललं का, काका?" "हाललं." मग बिस्मिल्ला म्हणून बसतात. वरचं हललं आणि खालचं जागचं हललं नाही, तर मधला सांधा झिजला असं समजायचं.

गेल्या आठवड्यात चाक हललं नाही. दिनानाथभटजी सर्वांदेखत म्हणाले, "काय नजमुद्दीन, मोटारीचे दात हलायला लागले वाटतं! कवळी बसवा आता!" लोक हसले. काहीजण सामान घेऊन दुसऱ्या मोटारीत जाऊन बसले. भाईही हसले, पण तेव्हापासून विहिरीवर कुणी असलं की ते पाण्याला येत नाहीत. शेठना त्यांनी सांगून टाकलं, "घरीच बघून नीट करतो."

आज दुपारी मी सुपाऱ्या वाळत घालत होते. मोटार उंडीच्या झाडाखाली उभी. जैबुन्निसा, त्यांची बायको, स्टिअरिंग धरून आत बसलेली. भाई खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर हात ठेवून बघत होते.

"डावीकडं घे. हळू. आता उजवीकडं."

"अवो, माझ्या हातात फिरतंय. खाली काय हाय?"

"खाली काय न्हाय."

"तेच म्हणते मी! काय न्हाय म्हणूनच इचारते!"

भाई बाहेर आले. जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा कापला, ग्रीसमध्ये बुडवून सांध्यात ठोकून बसवला.

"आता फिरव."

"आता हाललं."

"बघ, झाली तरणी."

"चपलेवर? तुमची चप्पल पायात तरी टिकते का?"

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. ग्रीसचे हात पुसत राहिले, मान वर केलीच नाही. "वहिनी, रतन माझीपण पोर हाय. नवा सांधा येईपर्यंत चालंल. कुणाला बोलू नका. पुन्हा त्या लोकांसमोर उभं ऱ्हावत न्हाय."

मी मान हलवली. घरात आले आणि रतनला सांगितलं, "उद्या तू दुसऱ्या मोटारीनं जा." तिनं कारण विचारलं तर मी रागावले.

दिवेलागणीला जैबुन्निसा रतनसाठी तांदळाची भाकरी आणि उकडलेली अंडी घेऊन आली. "मीपण उद्या धरमतरपर्यंत जाते, भाभी. ह्यांच्या शेजारीच बसणार. कोण हसतो बघू दे मला!"

तिच्या हातातलं पुडकं घेताना माझी नजर खाली गेली, दुपारी भाईंची गेली होती तशीच. आपली पोर तेवढी बाजूला काढून मी गप्प बसले होते. बाकीची माणसं मोटारीसकट खिंडीत कोसळली तरी चालेल, असंच ना?

फोन माझ्या नवऱ्याच्या दवाखान्यात आहे. हे पेणला गेलेत, पण किल्ली माझ्याकडं आहे. शेठ भाईंना ठेवतील की काढतील, मला माहीत नाही. आता मागं भाईंच्या दारावर थाप मारीन, त्यांना बरोबर घेऊन दवाखान्यात जाईन. त्यांच्या पाठीमागं मला काही बोलायचं नाही. स्वतः सांगायला ते तयार झाले तर रिसीव्हर त्यांच्या हाती देईन. नाहीतर त्यांच्यादेखत मीच म्हणेन, "शेठ, उद्या मोटार सोडू नका."