खंडेनवमी आणि थ्रॉटलचा सेन्सर

प्रत्येक यंत्राला आत्मा असतो आणि खंडेनवमीला तो जागा होतो, अशी माझ्या सासऱ्यांची श्रद्धा होती. रांझीच्या कारखान्यात असताना पूजेला त्यांच्यापुढे अख्खं खातं असे. निवृत्तीनंतर एक जुनी मोटार उरली.

त्या वर्षी मोटारीचा थ्रॉटल पोझिशन सेन्सर नुकताच बदलला होता. नवमीच्या सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं.

"जावईबापू, हे इवलंसं इथं काय करून राहिलं?"

मी सांगितलं. पेडल दाबलं की हवेची झडप उघडते. झडपेच्या दांड्याला हा जोडलेला. आत एक पट्टी, तिच्यावर घासत सरकणारा काटा. झडप जितकी उघडी, तितका जास्त व्होल्टेज हा संगणकाकडे पाठवतो, आणि त्यावरून संगणक पेट्रोल किती फवारायचं ते ठरवतो. संगणकाला आपला पाय दिसत नाही. हा सांगेल ते खरं.

"म्हणजे साहेबाचा पीए," सासरे म्हणाले. "मंग खरी पूजा याचीच."

त्यांनी कालवलेलं हळदकुंकू थेट सेन्सरच्या वायरींवर लावलं, फूल ठेवलं आणि वर पळीभर पाणी सोडलं.

"बाबा, ते इलेक्ट्रिकचं आहे," बायको म्हणाली.

"देवाले चालते, याले काय होते?"

दुपारी आम्ही मराठी मंडळाच्या अध्यक्षांना आणायला गेलो. ते पद सोडणार होते आणि दसऱ्याला सोनं वाटताना पुढचं नाव जाहीर करणार होते. सतरंज्या घालण्यापासून सुरुवात केलेल्या सासऱ्यांना आता खुर्ची हवी होती. म्हणून अध्यक्षांना स्वतःच्या गाडीतून, शेजारी बसवून आणायचं ठरलं होतं. मी मागे बसलो.

अध्यक्षांना घेऊन परत निघालो आणि पाण्याने आपलं काम सुरू केलं. सासऱ्यांचा पाय स्थिर होता, पण व्होल्टेज उड्या मारत होता. संगणक कधी पेट्रोल ओते, कधी हात आखडता घेई. गाडी गचके खाऊ लागली.

"मंडळाले शिस्त पाहिजे," सासरे म्हणाले.

गचका बसला. अध्यक्षांची मान खाली जाऊन वर आली.

"भाषणं छोटी पाहिजेत."

मान दोनदा हलली.

"आणि आता अनुभवी माणूस पाहिजे. कारखाना सांभाळलेला."

इथे चढ लागला. मान चौकापर्यंत हलत राहिली. सासऱ्यांनी आरशातून माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"भैया, जरा आराम से," अध्यक्ष कसेबसे म्हणाले.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "घाई नाही करायची आपल्याला."

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "साऱ्या मुद्द्यांना हो म्हणाले." संध्याकाळी भाषणही लिहून झालं, लांबलचक.

दसऱ्याला अध्यक्षांनी शहपुऱ्याच्या एका गृहस्थांचं नाव जाहीर केलं. सासरे पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत अध्यक्षांच्या मानेकडे पाहत होते, पण ती हलली नाही. तिला पट्टा बांधलेला होता.